बाबांचं उलटं

बाबांकडे आता एकच शब्द उरला होता. ‘उलटं’.

आजारपणानं त्यांची उजवी बाजू लुळी केली, तोंड थोडं वाकडं केलं, आणि जन्मभर ज्यांच्या तोंडाचा पट्टा कधी थांबला नाही त्यांच्या जिभेवर एवढा एक शब्द ठेवून बाकीचे सगळे पुसून नेले. भूक लागली की उलटं. पंखा लावला तर उलटं, बंद केला तरी उलटं. डॉक्टरांनी लहान मुलाला विचारावं तसं ‘आजोबा, नाक कुठाय? दाखवा बघू नाक’ असं लाडात विचारलं, तेव्हा बाबांनी त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं, ‘उलटं’ म्हणाले आणि भिंतीकडे तोंड फिरवून डोळे मिटून घेतले. डॉक्टर बाहेर येऊन हलक्या आवाजात म्हणाले की यांना किती कळतंय हे सांगणं कठीण आहे.

खरं म्हणजे शब्द काही नवा नव्हता. ट्रॅक्टर दुरुस्तीच्या वर्कशॉपात बाबांनी उभा जन्म काढला आणि त्यातला निम्मा हा शब्द म्हणण्यात घालवला. कुणी पाना धरला की उलटं. कुणी बेअरिंगला ग्रीस लावलं की उलटं. आई होती तोवर तिनं घडी घातलेला सदराही उलटाच असायचा. ते स्वतः डावखुरे. हत्यारं सगळी उजव्या माणसांसाठी घडवलेली. त्यामुळे त्यांना सगळं जगच उलटं दिसत असणार, असं गल्लीतली माणसं म्हणायची. समोर मिस्त्री आणि पाठ वळली की उलटे मिस्त्री. ते आजारी पडल्यावर ‘आटे ढिले झाले बिचाऱ्याचे’ असंही कुणीतरी बोललं होतं, आणि नेमकं ते थोरलीच्या कानावर पडलं होतं.

थोरली म्हणजे बाबांची मुलगी. त्या ‘उलटं’ला पुरून उरून ती त्यांच्याच हाताखाली शिकली होती. आधी रडली, मग भांडली, मग तिनं ऐकून न ऐकल्यासारखं करायची कला साधली, मध्ये काही वर्षं बाहेरगावी कारखान्यात नोकरीही करून आली, आणि आता वर्कशॉप तीच चालवत होती. इंजिन कुरकुरायला लागलं की ते नुसतं कान देऊन ओळखावं, कार्बोरेटर उघडावा तर तिनंच, असं तिचं नाव होतं. चाळिशी उलटून बरीच वर्षं झाली तरी स्वतःच्या कामाला ‘ठीक आहे’च्या वर तिनं कधी काही म्हटलं नव्हतं. त्या घरात कामाला त्याहून बरं म्हणायची रीतच नव्हती.

धाकट्यानं मात्र ऐन तरुणपणीच कानाला खडा लावला. वर्कशॉपात जे हातात घेईन ते उलटं ठरतं, तर हातात असं काही घेतो की ज्यातलं बाबांना ओ की ठो कळणार नाही, असं म्हणून तो घरातून निघाला आणि दुसऱ्या गावी न्हावी झाला. हात असा हलका की वस्तरा फिरत असताना गिऱ्हाईक खुर्चीतच घोरायला लागावं. लग्नाच्या भानगडीत पडला नाही. एकटा जीव, भाड्याचं दुकान, त्याच्यावरच राहायची खोली. वर्षातून एकदोनदा यायचा, बाबांची दाढी करून द्यायचा, दोघंही एकमेकांशी चार वाक्यं जपून बोलायचे आणि तो परत जायचा. त्या दाढीत मात्र बाबांनी कधी खोट काढली नव्हती.

या खेपेला तो आला तो एक बेत ठरवूनच.

“माझ्या दुकानाजवळ एक शुश्रूषा केंद्र आहे, ताई,” तो पहिल्याच संध्याकाळी म्हणाला. “स्वच्छ आहे. नर्स आहेत, डॉक्टर येतात. मी रोज जाऊन बसेन. तू स्वतःची पाठ बघितलीस का? त्यांना उचलून उचलून तूच आडवी होशील एक दिवस.”

“माझ्या पाठीचं मी बघते.”

“त्यांना काही कळत असतं ना, तर मी हे तोंडातून काढलंही नसतं. पण इथं काय नि तिथं काय, त्यांना आता सारखंच.”

“कळतं त्यांना.”

“कशावरून?”

थोरलीला वाटायचं की कळतं. पण कधीकधी पहाटे बाबा छताकडे बघत ‘उलटं, उलटं’ म्हणत पडलेले असत, तेव्हा तिलाही वाटून जायचं की हा नुसता आवाज आहे, माणूस कधीच निघून गेला. ती शंका ती स्वतःलाही नीट बोलून दाखवत नसे, मग धाकट्याला कुठून सांगणार. ती एवढंच म्हणाली, “रविवारपर्यंत थांब. मला म्हातारी चालू करायची आहे.”

म्हातारी म्हणजे घराला लागून असलेल्या वर्कशॉपच्या शेडमध्ये, मागच्या भिंतीला ताडपत्रीखाली उभा असलेला जुना ट्रॅक्टर. पेट्रोलवर सुरू होऊन रॉकेलवर चालणाऱ्या जमान्यातला. बाबांनी तो भंगारातून आणून एकेक भाग जोडत उभा केला होता, आणि वर्कशॉपची सगळी ओढाओढ कैक वर्षं त्यानंच केली. थोरलीच्या डोक्यात होतं ते असं: म्हातारीचा आवाज कानावर पडला की बाबांच्या चेहऱ्यावर काहीतरी उमटेल, आणि ते धाकटा स्वतःच्या डोळ्यांनी बघेल. कशावरून, याचं उत्तर द्यायला तिला दुसरं काही सुचत नव्हतं.

धाकट्यानं खांदे उडवले. बाबांच्या कपड्यांची पिशवी मात्र त्यानं त्याच रात्री भरून दाराशी ठेवली.

दुसऱ्या दिवशी थोरलीनं ताडपत्री ओढून काढली आणि कामाला भिडली. बाबांची खुर्ची तिनं कामाच्या बाकापाशीच आणून ठेवली. धाकटा शेजारी साबणाचा फेस करत बसला. इथं आहे तोवर रोज सकाळी बाबांची दाढी आपणच करायची, हे त्यानं आल्या आल्याच ठरवलं होतं. वस्तरा गालावरून खाली उतरला तसे बाबा म्हणाले, “उलटं.”

“बघ,” धाकटा बहिणीला म्हणाला. “दाढीसुद्धा उलटी. दाढीच्या बाबतीत कधी नाही बोलले ते.”

थोरलीनं ऐकून सोडून दिलं. तिचं सगळं लक्ष कार्बोरेटरवर होतं. तिनं तो इंजिनवरून उतरवला, वाटी सोडवली, आतला साकळलेला तेलाचा चिकटा धुऊन काढला. तेलावर तरंगणारा फ्लोट धड होता. सुई झिजली होती, ती बदलता येणार होती. घोडं अडलं ते मेन जेटपाशी.

जेट म्हणजे दिसायला काहीच नाही. करंगळीच्या नखाएवढा पितळी स्क्रू, मधून सुईच्या टोकाएवढं आरपार भोक. पण इंजिनला तेल किती मिळावं हे तेच भोक ठरवतं. म्हातारीचा जेट कार्बोरेटरच्या बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, अंगात, एका खोल अरुंद विहिरीच्या तळाशी बसवलेला होता, आणि विजेरी मारून बघितलं तर भोक एका बाजूनं फाकलेलं, कुणीतरी कधीतरी तार घालून ते साफ करायच्या नादात फाडलेलं. तो काढून नवा बसवल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. आणि काढताना बिडाला तडा गेला किंवा आतले आटे उखडले तर म्हातारीचा खेळ खलास, कारण असला कार्बोरेटर आता कुठल्याच दुकानात मिळत नव्हता.

थोरलीनं घाई केली नाही. विहिरीत तेल सोडून ठेवलं. दुपारी ब्लो-लँपनं बाहेरचं बीड हळूहळू तापवलं, मेणबत्तीचं टोक टेकवून मेण आत जिरवलं. एक स्क्रूड्रायव्हर घेऊन त्याचं पातं सहाणेवर घासून जेटच्या खाचेत केसभरही हलणार नाही असं बसवलं. ते बघण्यासारखं होतं. आपल्याला त्यातलं काही कळत नाही असं धाकटा म्हणायचा, पण पातं कसं लावतात हे न्हाव्याहून जास्त कुणाला कळणार? तो आपला वस्तरा पुसता पुसता थांबून बघत राहिला.

तिनं कार्बोरेटर शिकंज्यात धरला, खाली वाकली, आणि डावीकडे जोर लावला. जेट ढिम्म.

“उलटं,” बाबा म्हणाले.

तिनं आणखी जोर लावला.

“उलटं.”

“काय उलटं, बाबा?” तिनं वर बघत विचारलं. मग तिलाच वाटलं की शिकंज्यात आपण कार्बोरेटरचं तोंड चुकीच्या बाजूला धरलंय की काय. बाबांना खूष करायचं म्हणून तिनं कार्बोरेटर सोडवला, खालचं वर करून पुन्हा धरला आणि वाकडी होऊन खालून स्क्रूड्रायव्हर लावायला गेली. बाबांनी डोळे मिटून घेतले. अडाणी गिऱ्हाईक समोर आलं की ते असेच डोळे मिटायचे. मग त्यांनी डावा हात उचलला आणि हवेत बोट गोल गोल फिरवायला लागले.

“चहा हवाय वाटतं,” धाकटा म्हणाला. “साखर ढवळून दाखवतायत बघ.”

तो उठून चहा करून घेऊन आला आणि साखर नीट ढवळून कप बाबांपुढे धरला. बाबांनी त्या कपाकडे असं बघितलं की चहाच नासावा. पण प्याले. आजारी असले तरी चहाला नाही म्हणणारे ते नव्हते.

संध्याकाळपर्यंत व्हायचं तेच झालं. थोरलीनं तापवलं, थंड केलं, ठोकलं, पुन्हा डावीकडे पिळलं, आणि जेट सुटायच्या ऐवजी खाचेचे ओठच सोलवटून निघाले. स्क्रूड्रायव्हर गरकन फिरला. विजेरी मारली तर खाचेच्या जागी एक चकचकीत खड्डा. तिच्या हातून असं कधी झालं नव्हतं. ती खाली स्टुलावर बसली आणि बराच वेळ हात पुसत राहिली.

दुसऱ्या दिवशी तिनं पेटीतून तुटलेले स्क्रू काढायची सळी काढली. शंकूसारखी, पोलादी, अंगावर उलटा पीळ असलेली. ती जेटच्या भोकात ठोकायची आणि डावीकडे फिरवायची. जितकी फिरते तितकी रुतते आणि स्क्रूला आपल्याबरोबर घेऊन येते. थोरलीनं ती अलगद ठोकली, हँडल लावलं आणि फिरवायला सुरुवात केली.

“उलटं,” बाबा म्हणाले, आणि या वेळी आवाज चढला होता. “उलटं. उलटं.”

“हो बाबा. जरा थांबा.”

बिडातून ‘टिक्’ असा आवाज आला. थोरलीचा हात जागच्या जागी थांबला. त्याच क्षणी बाबांच्या डाव्या हातातला चहाचा कप तिच्या पायाशी येऊन फुटला. ते खुर्चीत अर्धवट उठायला बघत होते, गळ्याच्या शिरा ताणलेल्या, आणि तोच शब्द पुन्हा पुन्हा.

धाकट्यानं धावत जाऊन त्यांना धरलं. तो चिडला नाही, उलट घाबरला. बाबांना आत नेऊन त्यानं पलंगावर निजवलं, पाठीवरून हात फिरवत बसला, आणि ते शांत झाल्यावर बाहेर येऊन काचा गोळा करता करता म्हणाला, “ताई, मला भांडायचं नाही. पण तू हे बघतेस ना? आपण काय करतोय याचा त्यांना पत्ता नाही. नुसता त्रास होतोय त्यांना. बास आता.”

थोरलीला पहिल्यांदा वाटलं की त्याचंच बरोबर आहे. आणि ते वाटल्यावर तिला इतकं एकटं वाटलं की आई गेली तेव्हाही वाटलं नव्हतं.

तरी हातातलं काम अर्धं टाकायचं हे तिच्या रक्तात नव्हतं. सळी तिनं टकटक करत सोडवून घेतली. बीड भिंगातून तपासलं. तडा नव्हता, आवाज पितळेचाच होता. आता एकच उपाय उरला होता, आणि तो शेवटचा. जेट ड्रिलनं पोखरायचा, इतका की आट्यांना चिकटलेली पितळेची पातळ साल तेवढी राहील, मग ती सुईनं उचकटून काढायची. हात इकडचा तिकडे झाला तर ड्रिल बिडाच्या आट्यांत घुसणार. थोरलीनं विजेचं ड्रिल बाजूला ठेवलं आणि बाबांचं जुनं हातानं फिरवायचं ड्रिल घेतलं. त्याची मूठ डाव्या हाताच्या घामानं काळी पडलेली होती.

ती विहिरीवर वाकली, ड्रिल सरळ धरलं, आणि श्वास सोडता सोडता हँडल फिरवायला लागली. ड्रिल उजवीकडे फिरतं. सगळी ड्रिलं उजवीकडेच फिरतात. पितळेचा सोनेरी कीस वर आला. मग पितळेनं ड्रिलला धरलं. पितळ हा धातूच तसा आहे, पोलाद जवळ आलं की गच्च धरतो. थोरलीनं दाब कमी केला. ड्रिल पुढं जायला हवं होतं ते जाईना. उलट ते वर यायला लागलं.

आटे गेले, तिला वाटलं. उखडले सगळे.

तरी तिनं फिरवणं थांबवलं नाही, कारण हाताला लागत होतं ते उखडल्यासारखं लागत नव्हतं. ते गुळगुळीत होतं. जड, गुळगुळीत आणि एकसारखं, चांगल्या बरणीचं झाकण उघडताना लागतं तसं. ड्रिल वर येत राहिलं आणि त्याच्या टोकाला दातात धरल्यासारखा अख्खा जेट वर आला.

थोरलीनं तो उजेडात धरला. आटे शाबूत. एकूण एक शाबूत, तेलानं चमकणारे. आणि डावीकडे चढणारे.

तिनं बाकावरचा एक साधा स्क्रू उचलून त्याच्या शेजारी धरला. साध्या स्क्रूचे आटे एकीकडे कलत होते आणि या जेटचे दुसरीकडे. मग तिनं विजेरी घेऊन विहिरीच्या काठाकडे बघितलं. काठावर कानशीनं मारलेला एक बारीक चिरा होता. तो तिनं आदल्या दिवशीच बघितला होता आणि कुणा धसमुसळ्याच्या पान्याचा घाव समजून मनातल्या मनात त्याला शिव्याही घातल्या होत्या. वेल्डिंगच्या गॅसच्या नळीला जे नट लागतात त्यांचे आटे उलटे असतात, चुकून दुसरी नळी तिथं बसू नये म्हणून. आणि ओळख म्हणून त्या नटांच्या कोपऱ्यांना असाच चिरा मारलेला असतो. हे तिला कुणी शिकवलं होतं? ज्यांनी हा चिरा मारला त्यांनीच.

सगळा उलगडा तिला उभ्या उभ्या झाला. ती बाहेरगावी कारखान्यात नोकरी करायची, तेव्हा कधीतरी या कार्बोरेटरचे मूळचे आटे कुणीतरी नासवले असणार. बाबांनी भोक थोडं मोठं करून नवे आटे पाडले. त्या मापाचा आटे पाडायचा एकच टॅप हाताशी होता, गॅसच्या कामाचा, उलट्या आट्यांचा. दुसऱ्यानं हात वर केले असते. बाबांनी या बोटभर रुंदीच्या विहिरीत, दिसत नाही तिथं, नुसत्या डाव्या हाताच्या अंदाजानं आटे पाडले, आणि ते असे सरळ की आज इतक्या वर्षांनी लोण्यातून सुरी निघावी तसा जेट निघून आला. त्यात फिरायला जेटही स्वतःच घडवला. वर चिराही मारून ठेवला, की मागून येणाऱ्याला कळावं.

आणि मागून येणारीला दोन दिवस ते ओरडून सांगत होते. उलटं फिरव. बोटानं फिरवून दाखवत होते. त्यांच्याकडे एकच शब्द होता आणि नेमका तोच हवा होता.

थोरलीच्या डोळ्यांना धार लागली. ती तशीच, ड्रिल हातात धरून, आतल्या खोलीत गेली. धाकटा पलंगाशी बसला होता. तिनं ड्रिलचं टोक त्याच्यापुढे धरलं आणि सांगितलं, पण रडू आणि हसू एकदमच येत असल्यामुळे त्याला पहिल्यांदा काहीच समजलं नाही. दुसऱ्यांदा सांगितल्यावर समजलं. त्यानं जेटकडे बघितलं, मग बाबांकडे.

“चहा करून दिला मी त्यांना,” तो म्हणाला. “साखर ढवळून.”

बाबा डोळे उघडून दोघांकडे बघत होते. थोरली त्यांच्याजवळ बसली. आजारी पडल्यापासून त्यांना कुणी कामाचं काही विचारलंच नव्हतं. नाक कुठाय, कान कुठाय, मी कोण, आज वार कोणता. ज्या माणसानं असल्या प्रश्नांना जन्मभर हिंग लावून विचारलं नाही तो आता का उत्तर देईल?

“बाबा,” ती म्हणाली, “मला नवा जेट घडवायचाय. उलटे आटे पाडायचा डाय लागेल. कुठं ठेवलात?”

बाबांनी उत्तर द्यायला क्षणही घेतला नाही. डावा हात उचलून त्यांनी दाराबाहेर, शेडच्या कोपऱ्यात, जुन्या गॅस वेल्डिंगच्या पेटीकडे बोट केलं. धाकटा उठला. पेटी उघडून त्यानं वरच्या खणात हात घातला.

“उलटं,” बाबा म्हणाले.

धाकट्यानं खालचा खण ओढला. तेलकट फडक्यात गुंडाळलेला डाय तिथं होता.

शनिवारचा दिवस थोरलीनं लेथवर घालवला. बाबांची खुर्ची जवळ, आणि धाकटा आपणहून पितळेची सळई धरायला उभा. तिनं जेट घडवला, आटे पाडले, भोकासाठी बारीकातलं बारीक ड्रिल चिमटीत धरून फिरवलं. जुन्या जेटचं फाकलेलं भोक ज्या बाजूनं शाबूत होतं तिथून माप घेतलं. काम झाल्यावर तिनं तो बाबांच्या डाव्या तळहातावर ठेवला. बाबांनी अंगठ्याचं नख आट्यांवरून सावकाश फिरवलं, एकदा, दोनदा, डोळे मिटून. थोरली शाळेतल्या मुलीसारखी उभी होती. बाबांनी जेट परत तिच्या हातात दिला आणि काहीच बोलले नाहीत. तिला आयुष्यात मिळालेली ती सगळ्यात मोठी शाबासकी होती, आणि ती मिळाल्याचं तिला तिथल्या तिथं कळलं.

संध्याकाळी धाकट्यानं हँडल मारलं. म्हातारी दोनदा शिंकली, खोकली, आणि धडधडायला लागली. आवाजात जरा अडखळ होती. थोरलीनं हवा-तेलाच्या मिश्रणाचा स्क्रू थोडा आत घेतला.

“उलटं,” मागून आवाज आला. तिनं मान न वळवता स्क्रू बाहेरच्या बाजूला फिरवला, आणि इंजिन एका सुरात गायला लागलं.

बाबांना कळतं, हे आता तिघांनाही ठाऊक होतं. पण त्यानं थोरलीची पाठ काही बरी होणार नव्हती, आणि रविवार यायचा तो आलाच. पिशवी दाराशीच होती. थोरली मानी, थांब म्हणाली नाही. धाकट्यानं सवयीप्रमाणे साबणाचा फेस केला आणि बाबांची दाढी करायला बसला. वस्तरा गालावरून खाली आला.

“उलटं,” बाबा म्हणाले.

धाकटा थांबला. एक प्रश्न तो रोज दुकानात प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारत असे, फक्त बापाला विचारायचं त्याला कधी सुचलं नव्हतं. “उलटा हात मारू, बाबा? खालून वर? गुळगुळीत पाहिजे?”

बाबांनी मान हलवली. हो. धाकट्यानं उलटा हात मारला, केसांच्या विरुद्ध, गळ्यापासून हनुवटीपर्यंत, अगदी हलक्या हातानं. बाबांनी मान मागे टाकून दिली. पण गाल पुसून झाल्यावर त्यांनी त्याचं मनगट धरलं आणि दाराशी असलेल्या पिशवीकडे बोट केलं.

“उलटं.”

“तिकडं नको यायला?” धाकट्यानं विचारलं. “पण बाबा, ताईला एकटीला नाही झेपत हो हे.”

बाबांनी मनगट सोडलं नाही. पिशवीकडे केलेलं बोट त्यांनी वळवून धाकट्याच्या छातीवर टेकवलं, आणि मग खाली, वर्कशॉपच्या तेलकट फरशीकडे केलं.

“उलटं,” ते म्हणाले. आजवर त्यांनी हा शब्द इतक्या हळू आवाजात कधी उच्चारला नव्हता.

मी तिकडं यायचं नाही. तू इकडं ये. धाकट्याला ते लख्ख समजलं. ज्या शब्दानं त्याला या घरातून हाकललं होतं तोच त्याला परत बोलवत होता. त्यानं वस्तरा मिटून ठेवला. थोरली लेथ पुसत होती. तोच तोच कोपरा पुन्हा पुन्हा.

मग त्यानं उठून पिशवी उचलली, आत नेली, आणि बाबांचे कपडे कपाटात लावून बाहेर आला.

“ताई,” तो म्हणाला, “पुढच्या खोलीत एक खुर्ची आणि एक मोठा आरसा मावेल का गं?”

“मावेल की,” थोरली म्हणाली. “आरसा दाराजवळच्या भिंतीला लाव म्हणजे झालं.”

“उलटं,” बाबा म्हणाले.

दोघांनी एकदमच वळून उघड्या दारातून पुढच्या खोलीतल्या समोरच्या भिंतीकडे बघितलं. खिडकीतला उजेड खरोखर तिकडंच चांगला पडत होता.